सहल क्रमांक पन्नास

मुलं माणसाला वर्षभर असतात, पण ती घरात आहेत हे त्याला उन्हाळ्यातच कळतं. लिमा शहरात उन्हाळा आपल्या हिवाळ्यात येतो, म्हणून तिथे हे कळण्याचा हंगाम नाताळ उरकला की सुरू होतो आणि मार्चमध्ये शाळेची घंटा वाजेपर्यंत टिकतो. या काळात शहराचं कामकाज नेहमीसारखंच चालतं. फक्त प्रत्येक आईबापाच्या चेहऱ्यावर नुकतीच बस चुकल्यासारखा भाव असतो.

या सुट्टीला तिथे नुसतं सुट्टी म्हणत नाहीत, ‘उपयुक्त सुट्टी’ म्हणतात. निरुपयोगी सुट्टीची सरकारदरबारी नोंदच नाही. मूल रिकामं लोळताना दिसलं की नगरपालिका त्याला बुद्धिबळ, बासरी किंवा क्रोशाचं विणकाम शिकवते. मार्चमध्ये मूल शाळेत परततं तेव्हा त्याला घोड्याची अडीच घरं ठाऊक झालेली असतात आणि त्याला विश्रांतीची सक्त गरज असते.

सान तादेओ ही त्या शहरातली एक मध्यम नगरपालिका. (डोंगराच्या बाजूला ती गरीब आहे. हमरस्त्याच्या बाजूला ती गरीब असून रंगवलेली आहे.) तिच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, ‘उपयुक्त सुट्टी व परवडणारी सहल विभाग’ होता. विभागात एक प्रमुख होते, लिओनिदास चुम्बे. प्रमुखांच्या हाताखाली एक कारकून होता, तोही लिओनिदास चुम्बे. दोघांचं उत्तम जमत असे. प्रमुखांनी सांगितलेलं काम कारकुनाने टाळलं असं एकदाही घडलं नाही, आणि कारकुनाने केलेल्या कामाचं कौतुक करण्यात प्रमुखांनी कधी हात आखडता घेतला नाही.

जानेवारीच्या पहिल्याच सोमवारी डॉक्टर साल्दीवार यांनी चुम्बेंना बोलावलं. डॉक्टर साल्दीवार नगरपालिकेचे व्यवस्थापक. (तिथे वकील झालेल्या माणसाला डॉक्टर म्हणतात. आजारी माणसाने मात्र त्यांच्याकडे जाऊ नये.)

“चुम्बे, सहकुटुंब करता येतील अशा पन्नास परवडणाऱ्या सहली पाहिजेत. पुस्तिका काढायचीय. पहिल्या पानावर महापौरांचा फोटो, मग सहली.”

“साहेब, खर्चाची तरतूद?”

“परवडणाऱ्या म्हटलंय ना? मग तरतूद कशाला? आधी आपल्याला परवडायला नको?”

चुम्बे खाली आले, कारकुनाला कागद आणायला सांगितला, स्वतःच उठून आणला आणि कामाला लागले.

चुम्बे कष्टाळू माणूस. कुठलीही सहल स्वतः बायकोमुलीसह करून पाहिल्याशिवाय ती यादीत घालायची नाही, असा त्यांनी दंडक घातला. सहल क्रमांक १ अर्थातच समुद्र. दोन बस बदलून ते रविवारी किनाऱ्यावर पोचले. चुम्बेंच्या मोजणीनुसार तिथे वाळूच्या दर चौरस मीटरला दीड कुटुंब, दोन छत्र्या आणि कोंबडीभाताचं एक पातेलं असं प्रमाण होतं. समुद्र दोन छत्र्यांच्या मधून स्पष्ट दिसला. चुम्बेंच्या मुलीचा उजवा पाय घोट्यापर्यंत भिजला. डाव्यासाठी जागा झाली नाही.

पुढच्या सहली अधिक सुटसुटीत निघाल्या. क्रमांक ४: बँकेच्या रांगेत दोन तास (वातानुकूलित, बसायला खुर्च्या. नंबर जवळ आला की नवीन टोकन घ्यावं). क्रमांक ९: बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन न उतरता परत येणं. क्रमांक १७: मोठ्या दुकानातल्या गोठवलेल्या कोंबड्यांच्या कपाटासमोर उभं राहणं, मुलांना कपाटाचं दार उघडू द्यावं, पण एका कोंबडीमागे एकदाच. क्रमांक २२: विमानतळाच्या कुंपणाबाहेरून विमानं बघणं आणि ती कुठे चालली असतील यावर भांडणं. क्रमांक ३१: डोंगरावरच्या वस्तीत पाण्याचा टँकर येतो ते बघणं. क्रमांक ३८ दफनभूमी. तिथे सावली आहे, बाकं आहेत आणि मुलांना कोणी हळू बोला म्हणून दटावलं तर निदान कारण तरी पटतं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत एकोणपन्नास सहली झाल्या. (अकरा तर एकाच शनिवारी. त्यातल्या चार एकाच बाकावर बसून.) पन्नासावी काही केल्या सुचेना.

आता त्यांच्या मुलीबद्दल सांगायला हवं. तिचं नाव यामिलेत. ती आठ वर्षांची होती, समोरचे दोन दात पडलेले, आणि या उन्हाळ्यात तिची एकच मागणी होती. ती तिने पहिल्या दिवशीच बापापुढे स्वच्छ मांडली होती.

“पप्पा, मला पाण्यात बसायचंय. गळ्यापर्यंत. आणि कोणी काही शिकवायचं नाही.”

“बसू की. पुढच्या रविवारी.”

‘पुढच्या रविवारी’ हा शब्दप्रयोग जगातल्या सर्व बापांना येतो, परंतु चुम्बेंनी त्यात प्रावीण्य मिळवलं होतं. दर रविवारी ते मुलीला एखाद्या नव्या सहलीला नेत आणि परतताना पाण्याचं पुढच्या रविवारावर ढकलत. यामिलेत स्वयंपाकघरात टांगलेल्या, भाजक्या कोंबडीच्या दुकानाने फुकट दिलेल्या कॅलेंडरवर त्या रविवारभोवती गोल काढी. कोंबडीच्या चित्राखाली गोलांची रांग लागली होती. मार्चच्या दुसऱ्या सोमवारी शाळा होती. त्या चौकोनात तिने गोल काढला नव्हता, फुली मारली होती.

“आज कुठं?” ती सकाळी विचारी.

“नोटरीच्या कचेरीत. तिथे माशांचं टाकं आहे.”

“माशांना बसता येतं वाटतं पाण्यात,” यामिलेत म्हणाली. तिची आई नोर्मा गॅसकडे तोंड करून हसली. चुम्बेंनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

वास्तविक पाण्यात बसायची सोय सान तादेओत पूर्वी होती. गल्लीगल्लीत लोक घडीचे हौद मांडत. निळ्या प्लॅस्टिकचा, लोखंडी नळ्यांच्या पायांवर ताणलेला हौद भर रस्त्यात उभा करायचा, नळाची नळी सोडायची आणि गल्लीतली सगळी पोरं आत. बाजूला आजी खुर्ची टाकून बसणार, लुकुमा नावाच्या तिथल्या फळाचं आइसफ्रूट विकणार आणि कोण आत मुतला त्याचा तपास करणार. रिक्षा वळसा घालून जात. सगळ्यात प्रसिद्ध हौद इर्मा पाउकार या आजीचा, ज्याच्या बाजूवर डोळा मारणारी जलपरी छापलेली होती. आदल्या उन्हाळ्यात यामिलेत त्याच हौदात राहायला असल्यासारखीच होती.

पण रस्ता अडतो आणि पाणी वाया जातं, म्हणून नगरपालिकेने उपविधी क्रमांक ११४ काढला: रस्त्यावर आढळणारा प्रत्येक हौद जप्त करावा. मसुदा उत्तम स्पॅनिशमध्ये होता. तो टंकलिखित केला होता कारकून चुम्बे यांनी. जानेवारीअखेर जप्तीच्या आवारात त्रेसष्ट हौद घडी घालून रचलेले होते. जलपरी वरून चौथी होती. घडीमुळे आता तिचा मिटलेला डोळा तेवढाच दिसत होता.

इर्माआजी कचेरीत आल्या त्या तडक चुम्बेंच्या टेबलावर हात आपटूनच.

“चुम्बेसाहेब, माझा हौद द्या. सात नातवंडं घरात आहेत. काल त्यांनी बासरी वाजवली. सातही जणांनी. एकाच वेळी.”

“आजी, उपविधी आहे. कलम सहा. हौद परत द्यायचा तर आधी त्याचा आफोरो दाखला लागतो.”

आफोरो म्हणजे एखाद्या जागेत जास्तीत जास्त किती माणसं मावतात तो आकडा. लिमात प्रत्येक दारावर त्याची पाटी असते. न्हाव्याच्या दुकानात ‘आफोरो: ६ व्यक्ती’, चर्चमध्ये ‘आफोरो: २००’. अंत्यविधीच्या हॉलमध्येही असते, ‘आफोरो: ३०’, पण मृत व्यक्ती धरून की वगळून हे लिहिलेलं नसतं. आफोरो नसलेली जागा जागाच नव्हे. आणि चुम्बेंनी मसुदा टाइप करताना, दुसऱ्या कुठल्याशा उपविधीतलं कलम सहा सवयीने जसंच्या तसं उतरवलं होतं.

“मग द्या की दाखला,” आजी म्हणाल्या.

“तपासणी करावी लागते.”

“मग करा की तपासणी.”

चुम्बे उठून कपाटाशी गेले. त्यांनी नियमावली काढली. आफोरोची तपासणी ‘जागेच्या नेहमीच्या वापराच्या स्थितीत’ करावी, असं तिथे लिहिलं होतं. हौदाची नेहमीच्या वापराची स्थिती म्हणजे पाण्याने भरलेली. माणसं मोजायची तर ‘नेहमी वापरणाऱ्या वर्गातली’ हवीत. हौद नेहमी वापरणारा वर्ग म्हणजे मुलं. आणि पाणी? बागांना पाणी घालणारा नगरपालिकेचा टँकर आवाराशेजारीच उभा असतो. तपासणी झाल्यावर तेच पाणी नळीने झाडांना सोडलं की वायाही जात नाही, उलट उपयुक्त ठरतं.

चुम्बेंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी पुस्तिकेच्या कच्च्या प्रतीत, पन्नास या आकड्यापुढच्या रिकाम्या जागेवर लिहिलं: ‘जप्त हौदांची क्षमता तपासणी. सहकुटुंब. रविवारी. टॉवेल आणावा.’

डॉक्टर साल्दीवार यांनी कागद वाचला नाही, पण त्यात ‘आफोरो’ हा शब्द तीनदा दिसला, तेव्हा त्यांनी आदराने सही केली. फक्त एक शंका काढली.

“ही मुलं नगरपालिकेच्या आवारात कोणत्या नात्याने येणार? उद्या कोणी पडलं-धडलं तर?”

“त्यांची नेमणूक करू, साहेब. ‘बिनपगारी तांत्रिक परीक्षक (अल्पवयीन)’.”

“वा! नेमणूक म्हणजे झालंच. मग नेहमीची कलमंही लावा.”

चुम्बेंनी नेहमीची कलमं लावली. आपण नक्की काय टाइप करतोय हे कारकून कधी वाचत नसे. ही त्याची जुनी खोड होती.

पहिल्या रविवारी तपासणीला एकतीस परीक्षक हजर राहिले, दुसऱ्या रविवारी दोनशे बारा. त्रेसष्ट हौद आवारात ओळीने उभे राहिले आणि जप्ती पथकाचे चारही जवान शिट्ट्या घेऊन जीवरक्षक झाले. निष्कर्ष असे: हौद क्रमांक ८, आफोरो झोपलेली चार मुलं, उभी अकरा, आजी बाहेर आली तर सतरा. हौद क्रमांक २० मध्ये मोजणी दोनदा चुकली कारण परीक्षक पाण्याखाली लपत होते. हौद क्रमांक ४१ मध्ये एक बाप्या सापडला. त्याने आपण अल्पवयीन असल्याचा दावा केला, तो नामंजूर करून त्याला बाहेर काढायला वीस मिनिटं लागली.

दाखले भराभर तयार झाले. ते न्यायला मात्र कोणी येईना.

“आजी, तुमचा दाखला झालाय. हौद घेऊन जा.”

“छे! असा कसा नेऊ?” इर्माआजी पातेल्यातला कोंबडीभात वाढत म्हणाल्या. “पोरं उपाशीपोटी मोजलीत तुम्ही. जेवल्यावर मावतील का तेवढीच? परत मोजा.”

हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. फेरतपासणीचे छप्पन्न अर्ज आले. ज्यांचे हौद जप्त झाले नव्हते ते तर फारच चिडले. काहींनी नवे हौद आणून मुद्दाम नगरपालिकेच्या दारात मांडले आणि पथकाची वाट बघत बसले. पथकाला सवड नव्हती. तेव्हा ‘आमचाच हौद का जप्त होत नाही? आम्ही काय या शहराचे नागरिक नाही?’ असा मोर्चा आला. मोर्चेकऱ्यांनी घोषणा दिल्या, बसायला जागा मागितली आणि ते हौदांत पाय सोडून बसले. सान तादेओच्या इतिहासात नागरिकांनी एखाद्या उपविधीवर इतकं प्रेम केल्याची दुसरी नोंद नाही.

या सगळ्या जल्लोषात, कुंपणाबाहेर, एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर यामिलेत बसलेली असे. पोहण्याचा पोशाख, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर टॉवेल.

कारण नेहमीच्या कलमांतलं नववं असं होतं: ‘कर्मचाऱ्याच्या नात्यातील कोणाचीही कोणत्याही पदावर, पगारी वा बिनपगारी, नेमणूक करू नये.’ हे चुम्बेंना पहिल्या रविवारी सकाळी, मुलीला फाटकातून आत नेताना, पथकातल्या जवानाने वाचून दाखवलं. चुम्बे प्रामाणिक माणूस. त्यांनी मुलीला बाहेर बसवलं आणि म्हणाले, “मी डॉक्टरांशी बोलतो. पुढच्या रविवारी नक्की.”

डॉक्टर म्हणाले, “अहो, भाईभतीजावाद! पेपरात येईल.” असे पाच रविवार गेले. यामिलेत कधी रडली नाही, कधी हट्ट केला नाही. नुसती जाळीतून जलपरीकडे बघत बसे, आणि ते चुम्बेंना रडण्यापेक्षा वाईट वाटे. घरी नोर्मा त्यांच्याशी फक्त मीठ, पाव आणि दिवा या विषयांवर बोलू लागली होती.

शेवटचा रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी शाळा. ऊन मी म्हणत होतं. चुम्बे फाटकाशी टेबल टाकून परीक्षकांची नावं लिहून घेत होते. इर्माआजी सात नातवंडांची रांग घेऊन आल्या. चुम्बेंनी मान खाली घालून लिहिलं, एक, दोन, तीन... आठ.

“आजी, तुमची सात ना?”

“आठ आहेत.”

चुम्बेंनी मान वर केली. आठवी यामिलेत होती. तिचा हात आजींच्या मुठीत होता.

“ही माझी नात,” आजी म्हणाल्या. “गावाकडून आलीय. तुम्ही हिला ओळखता?”

फाटकावरचा जवान बघत होता. मागे रांगेत नोर्मा उभी होती, तीही बघत होती. डॉक्टर साल्दीवार त्या दिवशी पाहणीला आले होते. ते आइसफ्रूट चोखत याच बाजूला येत होते. अर्जावर एक ओळ होती: ‘सदर परीक्षक माझ्या परिचयाचा/ची नाही.’ खाली सहीची जागा. चुम्बेंनी एकवीस वर्षांच्या नोकरीत एकही खोटी सही केली नव्हती. त्यांनी पेन उचललं, शाई येईना, झटकलं, आणि सही केली. अक्षर इतकं सुरेख आलं की त्यांनाच आश्चर्य वाटलं.

“नाही बुवा,” ते म्हणाले. “पहिल्यांदाच पाहतोय या मुलीला.”

“थँक्यू, काका!” यामिलेत म्हणाली आणि पळाली.

पुढची दहा मिनिटं चुम्बेंनी एकही नाव लिहिलं नाही. ती गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती. तिला कोणी काही शिकवत नव्हतं. तोंडात पाणी घेऊन पडलेल्या दातांच्या फटीतून ती पिचकारी उडवत होती आणि जलपरी दोन्ही डोळ्यांनी ताणून उघडी होती. म्हणजे एका डोळ्याने, दुसरा मारलेलाच होता. चुम्बेंना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारच्या जवानाचा हात हातात घेतला.

“ओ काका!” यामिलेतने हाक मारली. “अनोळखी काका! तुम्ही पण या ना पाण्यात!”

चुम्बे हसले, हात हलवला, आणि गेले दहा आठवडे जे तोंडातून आपोआप निघत होतं तेच निघालं.

“पुढच्या रविवारी!”

इर्माआजींचा भाताचा डाव हवेतच राहिला. यामिलेतने डोळ्यांवरचा चष्मा वर केला.

“पुढच्या रविवारी मी गृहपाठ करत असेन,” ती म्हणाली.

चुम्बे उठले. खिशातून शिक्का, किल्ली आणि पेन काढून नीट टेबलावर ठेवलं. मग बूट, टाय आणि नगरपालिकेचं ओळखपत्र यांसह ते चालत गेले आणि जलपरीच्या हौदात बसले.

आत त्या वेळी अकरा परीक्षक होते. फट्कन आवाज आला. हौदाची एक बाजू उसवली आणि अकरा मुलं, एक अधिकारी व दोन हजार लिटर पाणी फाटकातून बाहेर, रस्त्यावर गेलं. डॉक्टर साल्दीवार वाटेत होते. ते आइसफ्रूट उंच धरून कोपऱ्यापर्यंत बसल्या बसल्या वाहत गेले. अर्धी गल्ली किंचाळत मागे धावली. यामिलेत बापाच्या गळ्याला मिठी मारून, त्याच्या पोटावर बसून, रस्त्याच्या पहिल्या झाडापर्यंत आली. झाडाला पाणी मिळालं. नोर्मा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, आणि खालीही पाणीच होतं.

“आजी, तुमचा हौद...” चुम्बे चिखलातून म्हणाले.

“जाऊ दे,” इर्माआजी म्हणाल्या. “दाखल्यावर खरा आकडा तरी आला.”

तो दाखला आजही आजींच्या भिंतीवर आहे: ‘आफोरो: ११ मुले. बारावा बाप असल्यास जबाबदारी बापाची.’

पुस्तिका यथावकाश निघाली. शाळा सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी, म्हणजे लिमाच्या हिशेबाने वेळेतच. पहिल्या पानावर महापौरांचा फोटो आहे. पन्नासाव्या सहलीखाली विभागप्रमुखांनी, कारकुनाच्या सल्ल्यावरून, एक अर्ज जोडला आहे. पुस्तिका वाचणाऱ्या प्रत्येकाने तो भरायचा आहे आणि त्यात एकच रकाना आहे: ‘घरातल्या मुलाला आपण शेवटचं “पुढच्या रविवारी” कधी म्हणालात?’ खाली मुलाची सही लागते.

तुम्ही वाचायला बसलात तेव्हा कोणीतरी काहीतरी विचारलं होतं आणि तुम्ही “हे संपलं की” असं म्हणाला होतात. हे संपलं. ते मूल अजून दारातच उभं आहे, टॉवेल घेऊन. पेनही त्याच्याकडेच आहे.